सोळा बाय सोळाचं खाचर

यंदाच्या अंकाचा विषय ‘चौकट’, असा संपादकांचा फोन आला तेव्हा दाराची चौकट, फोटोची चौकट आणि समाजाची चौकट यांवर लिहिणारी मंडळी अंकात आधीच असणार हे उघड होतं. माझी भाची मात्र गेले कित्येक महिने, रात्रीची जेवणं उरकली की, एका फारच लहान चौकटीत डोकं घालून बसते. आडवे १६ पिक्सेल, उभे १६ पिक्सेल, एकूण २५६. या चौकटीला ती टाइल म्हणते. घराला बसवतो त्या फरशीसारखीच ही टाइल एकदा घडवायची आणि शेजारी शेजारी लावत जायची. सांधा दिसला की काम फसलं.

भाची पालघरला राहते. दिवसा एका कंपनीचं हिशेबाचं सॉफ्टवेअर सांभाळते आणि रात्री एकटीच व्हिडिओ गेम बनवते. खेळ छोटा आहे. डोंगरउतारावरची भातखाचरं, वरून पडणारा पाऊस आणि खेळणाऱ्याच्या हातात एक फावडं. वरच्या खाचरातलं पाणी बांध फोडून खालच्यात सोडायचं, नको तिथे माती ओढून बांध बुजवायचा आणि लावणी होईपर्यंत प्रत्येक खाचरात हवं तेवढंच पाणी राखायचं. बंदुका नाहीत, राक्षस नाहीत. जागा कुठली, तर चारोटीच्या आसपासची, कारण लहानपणी डहाणूहून जव्हारकडे जाताना तिने खिडकीतून जी पहिली खाचरं पाहिली ती हीच.

खेळ चालत होता. पाणीही बरोबर वाहत होतं. दिसायला मात्र तो भलताच होता. गवतावर ठरावीक अंतराने एकच झुपका उगवलेला, झाडं सफरचंदाच्या बागेतल्यासारखी गोल, बांध म्हणजे तपकिरी पट्टी. नवख्या माणसाची सुरुवात बहुधा तयार टाइल-संचांवर होते. केनी या नावाने मिळणारे संच तर कोणत्याही अटीशिवाय फुकट वापरता येतात, आणि ते चांगलेही आहेत. पण त्यांतलं शेत युरोपातलं किंवा अमेरिकेतलं. लाकडी कुंपण, फळ्यांचं कोठार, कापलेली हिरवळ. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा खेळ एरिक बरोन या माणसाने साडेचार वर्षं एकट्याने खपून २०१६ साली बाहेर काढला, तेव्हापासून जगभरच्या हौशी कारागिरांच्या डोळ्यांत तेच शेत बसलं आहे. भाचीच्याही बसलं होतं.

“मावशी, टाइल सुधारायच्या म्हणजे अजून तपशील भरायचे ना?” तिने विचारलं. मला चित्रकलेतलं फारसं कळत नाही, पण तपशील कुठून आणणार, हा प्रश्न मला पडला. म्हणून आम्ही चारोटीला गेलो.

कमी जागेचं शास्त्र

त्याआधी टाइलचा उगम सांगायला हवा. नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी सामुराई किंवा लिटल मास्टर नावाचा ‘टीव्ही गेम’ होता, त्यांनी या टाइल्स हजारो वेळा पाहिल्या आहेत. ती यंत्रं म्हणजे निन्टेंडो कंपनीने १९८३ साली जपानमध्ये काढलेल्या फॅमिकॉमच्या नकला. त्या यंत्राचा पडदा २५६ बाय २४० पिक्सेलांचा. प्रत्येक पिक्सेलचा रंग वेगळा लिहून ठेवायचा तर चारच रंगांत एका पडद्याला १५,३६० बाइट लागतात. यंत्रात चित्रासाठी जागा होती २,०४८ बाइट. म्हणून युक्ती अशी, की ८ बाय ८ पिक्सेलांचे तुकडे आधीच कॅसेटमध्ये भरून ठेवायचे आणि पडद्यावर कुठल्या घरात कितव्या क्रमांकाचा तुकडा येणार, एवढंच लिहायचं. ३२ स्तंभ, ३० ओळी, ९६० घरं. रंगांची नोंद धरून सारा पडदा १,०२४ बाइटांत मावतो.

मारिओचा पहिला खेळ १९८५ सालचा. पूर्ण कॅसेट ४० किलोबाइटची. आज सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर येणारं गुलाबाचं चित्र याहून जड असतं. त्या खेळातले ढग आणि झुडपं नीट पाहा. आकार एकच आहे. ढगाला पांढरा-निळा रंगसंच लावला, तोच तुकडा खाली आणून हिरवा केला की झुडूप. तीसेक वर्षं लोकांनी तो खेळ खेळला आणि बहुतेकांना हे कळलंही नाही. चांगल्या टाइलचं लक्षण मी तरी यालाच म्हणेन.

आता जागेची टंचाई उरलेली नाही. भाचीच्या साध्या लॅपटॉपवर असे लाखो पडदे मावतील. तरीही ती १६ बाय १६ ला धरून आहे, त्याचं कारण व्यवहारी आहे. एकटं माणूस मोठी चित्रं काढत बसलं तर खेळ संपत नाही. लहान टाइलमध्ये एक झाड एका बैठकीत होतं, पुसून पुन्हा करता येतं. तिचा पडदा ३२० बाय १८० चा आहे, म्हणजे सहापट मोठा केला की बरोबर १९२० बाय १०८० होतो आणि एकही पिक्सेल अर्धा कापला जात नाही. साडेपाचपट केला असता तर काही पिक्सेल जाड, काही बारीक झाले असते, आणि मग कितीही सुबक टाइल असो, चित्र सरकू लागलं की सगळं थरथरतं.

हे काम ती एसप्राइट नावाच्या साधनात करते. तुकडे मांडते गोडो या इंजिनात. ते अर्जेंटिनातल्या दोघांनी सुरू केलं आणि २०१४ पासून सर्वांना खुलं आहे. दोन्हींची माहिती इंटरनेटवर मुबलक आहे. खाचराची नाही.

नाक्यापासून आत

चारोटी म्हणजे मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचा नाका. पश्चिमेला डहाणू, पूर्वेला कासा आणि पुढे जव्हार, उत्तरेला तलासरी आणि लगेच गुजरात. पुलाखाली एसटीची वाट पाहणारी माणसं, वर मालट्रकांची अखंड रांग, कडेला करटोली आणि रानभाज्यांचे वाटे लावून बसलेल्या बाया. महामार्ग इथे सूर्या नदी ओलांडतो. या नदीवर वर धामणी आणि कवडास इथे धरणं आहेत, आणि ते पाणी कालव्यांनी शेताला जातं तसं नळांनी वसई-विरारलाही जातं. वरच्याने पाणी सोडलं तर खालच्याला मिळतं, हे खेळाचं मूळ सूत्र इथे एरवीही सगळ्यांना पाठ आहे.

महामार्गाला लागून विवळवेढ्याचं महालक्ष्मीचं देऊळ. चैत्री पौर्णिमेपासून इथे मोठी यात्रा भरते, तेव्हा वाहनांना वाट मिळत नाही. पावसाळ्यात मात्र देवीच्या गडाच्या पायऱ्यांवर शेवाळ आणि आम्ही दोघीच. निम्म्या पायऱ्या चढून मागे वळलं, की ढग हलला तेवढ्यापुरती खाली खाचरं दिसतात. भाचीने तिथेच वही काढली.

वहीत पहिली नोंद, ‘चौकोन कुठेच नाही’. खाचर उताराच्या अंगाने वळतं, म्हणून बांध वाकडे. एक खाचर मोठं, त्याला लागून चिंचोळं, त्याच्या टोकाला एवढंसं त्रिकोणी. कुठे ताडाची झाडं बांधावरच उभी. दुसरी नोंद रंगांची. एकच हिरवा नव्हता. रोप टाकलेल्या वाफ्याचा हिरवा इतका पिवळसर आणि प्रखर, की त्याच्यापुढे बाकी डोंगर काळपट वाटतो. लावणी झालेल्या खाचरात मात्र रोपं तुरळक, मधून पाणी, आणि त्या पाण्याचा रंग ढगाचा. चिखलणी चालू असलेलं खाचर तांबूस. भाचीच्या खेळात पाणी निळं होतं. एवढ्या पसाऱ्यात निळा आम्हाला कुठेच सापडला नाही. होता तो एका घरावर पसरलेल्या प्लास्टिकच्या कागदाचा.

खाली उतरून आम्ही एका शेताच्या बांधावर गेलो. तिथे एक काका फावड्याने बांध लिंपत होते. भाचीने मोबाइल पुढे धरून खेळ दाखवला. त्यांनी तो शांतपणे पाहिला, स्वतः एक बांध फोडून पाणी सोडलं, आणि म्हणाले, “पाणी इथून जाईल ते खरं. पण न फोडता पण जातं ना.”

“म्हणजे, काका?”

त्यांनी बांधाच्या उतरत्या बाजूला बोट केलं. पाण्याच्या पातळीच्या जरा खाली एक भोक, त्यातून बोटभर धार. खेकड्याचं बीळ. खेकडे बांध पोखरतात, रात्रीतून वरचं खाचर रिकामं होतं आणि सकाळी बांधावरून फिरून भोकं शोधत ती चिखलाने बुजवावी लागतात. लावणीच्या दिवसांत हे रोजचं काम. भाची इतकी हरखली, की पाऊस आला तरी हलेना. खेळात फोडणं आणि बुजवणं होतं, पण खेळणारा एकदा नीट बांध घालून बसला की करायला काही उरत नसे. आता खेकडे आले. आणि टाइलच्या दृष्टीने खर्च किती, तर बांधाच्या टाइलवर गडद रंगाचे दोन पिक्सेल आणि खाली धारेचा एक उभा पट्टा.

रोपांच्या ओळींबद्दलही काकांनी तिला अडवलं. तिच्या टाइलमध्ये रोपं आडव्या-उभ्या रांगांत होती. इथे बहुतेक खाचरांत बाया वाकून मागे सरकत हाताच्या अंदाजाने रोपांचे चूड रोवतात. अंतर सारखं असतं, पण रांग नसते. दोरी धरून ओळीत लावणी करणारे आहेत, आणि तसं करा असं कृषी खात्याचे लोक सांगतातही. रांगा असलेली टाइल चूक नव्हती, पण प्रत्येक खाचरात तीच दिसली तर गाव परकं वाटतं.

उन्हाळ्यातली जमीन तर तिने काढलीच नव्हती. पालापाचोळा, गवत, शेण पसरून वाफे भाजतात, त्याला राब म्हणतात. पावसाआधी भुऱ्या माळावर हे काळे तुकडे उठून दिसतात, आणि पहिल्या पावसानंतर नेमक्या त्याच तुकड्यांवर सगळ्यात आधी हिरवा येतो. मारिओच्या ढगाची युक्ती इथे चालून गेली. आकार तोच ठेवून रंगसंच बदलायचा. काळा राब, मग प्रखर हिरवा वाफा, आश्विनात पिवळं पडलेलं भात. एका टाइलचे तीन ऋतू.

गंजाडच्या भिंती

डहाणू-चारोटी रस्त्यावर गंजाड लागतं. तिथल्या कळंबीपाड्याचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे. वारली चित्रं भिंतीवरून कागदावर आली ती सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने पाड्यांवर जाऊन कागद आणि रंग दिले, तेव्हा. तोवर ही चित्रं बायकांची, लग्नाची, धार्मिक विधीतली. सवाशिणींनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा, चौकात पालघट देवी, आणि धवलेरीने गाणी म्हणत लग्न लावायचं. म्हसे पुरुष असून चित्र काढत, आणि लग्नाची वाट न बघता काढत. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ साली पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्रातल्या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांचं काम होतं, २०११ साली पद्मश्री. २०१८ च्या मे महिन्यात ते गेले. आज या भागात पाड्यापाड्यांवर चित्र काढणारी घरं आहेत, भिंत सिमेंटची झाली असली तरी.

पिक्सेलवाल्या मंडळींना वारली चित्रांचा मोह पडणं साहजिक आहे. दोनच रंग. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन. माणसाचं धड म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. पहिल्या मॅकिंटॉशवरची चित्रं, नोकियाच्या फोनवरचा साप, ल्युकस पोपचा २०१८ सालचा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’, ही सगळी दोनच छटांत केलेली कामं. मग वारली माणूस १६ पिक्सेलांत सहज बसेल असं वाटतं.

भाचीने तो बसवून पाहिला होता, आणि तो बसतोही. धडाचा वरचा त्रिकोण ७, ५, ३, १ अशा चार ओळींत उतरतो, खालचा ३, ५ असा पसरतो. दोन्ही बाजूंचा उतार बरोबर ४५ अंशांचा, त्यामुळे कड अगदी स्वच्छ. अडचण डोक्यापाशी येते. तीन बाय तीनचे कोपरे कापले तर अधिकचं चिन्ह होतं, न कापले तर नुसता ठोकळा. चार बाय चारचे कोपरे कापले की छान गोल दिसतो, पण चारला मधला पिक्सेल नाही आणि मान एका बाजूला सरकते. पाच बाय पाच घेतलं तर सगळं मधोमध येतं. ५ ओळी डोकं, १ मान, ६ धड, ४ पाय, मिळून १६. फक्त हा माणूस वारली राहत नाही. डोकं जड, पाय तोकडे.

गंजाडच्या एका घरात ओसरीवर एका ताईंचं कापडावर काम चाललं होतं. ऑर्डरचं काम, पांढरा रंग आता पोस्टर कलर किंवा अॅक्रिलिकचा, काडीऐवजी बारीक ब्रश. तिथे शेजारी बसून पाहिलं तेव्हा खरी अडचण ध्यानात आली. वारली माणूस सरळ उभा क्वचितच असतो. तो पळतो, वाकतो, फावडं उगारतो, तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचतो. दोन त्रिकोणांची ती बारीक कंबर कुठल्याही कोनात कलते आणि काडीएवढे हातपाय लगेच त्या कलण्याला साथ देतात. पिक्सेलांत रेघ एकास एक किंवा दोनास एक अशा उतारावर असेल तरच नितळ दिसते, मधल्या सगळ्या कोनांवर पायऱ्या पडतात. म्हणून पिक्सेलात फक्त ताठ उभा वारली माणूस जमतो, आणि तो तर मोबाइलच्या कव्हरांवर, चहाच्या कपांवर आणि पडद्यांवर आधीच पुष्कळ उभा आहे. म्हसे यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र ज्यांनी पाहिलं असेल त्यांना सांगायला नको. हजारो बारीक रेघांचं ते जाळं कुठल्याही तुकड्यात कापून पुन्हा जोडता येणार नाही.

वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते नावाला आणि त्या नावाने विकल्या जाणाऱ्या मालाला संरक्षण देतं. त्रिकोण काढण्यावर बंदी घालत नाही. कायद्याने भाचीला कुणी अडवलं नसतं. पण खेळावर वारलीचा शिक्का मारायचा आणि त्यातल्या एकाही हाताला विचारायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत, हे मला पटत नव्हतं, आणि सुदैवाने तिलाही नाही. ओसरीवरच्या ताईंना आम्ही खेळ दाखवून, त्यात वारली माणूस घ्यावा का, असं विचारलं तेव्हा त्यांना खेळापेक्षा मोबाइलवरचं गवत खटकलं होतं. एवढं सगळं भरलंय, मग माणूस कुठे दिसणार, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या कापडावर जमीन काढलेलीच नव्हती. जमीन म्हणजे गेरूचा रंग. शेत दाखवायचं तिथे बारीक रेघांचा एक पट्टा, बाकी मोकळं. त्या मोकळ्या जागेमुळेच माणसं धावताना दिसतात.

आणखी एक गोष्ट त्या किनार काढत होत्या तेव्हा दिसली. चौकाभोवतीची नक्षी एकाच आकाराची पुनरावृत्ती असते. पण कोपरा जवळ आला की त्यांचा हात आपोआप आकार किंचित आवळतो किंवा पसरतो, आणि नक्षी कोपऱ्यावर पूर्ण आकारानेच पोचते. अर्धवट तुटलेला त्रिकोण कुठेच नाही. मोजपट्टी नव्हती, आधी आखलेलंही नव्हतं. टाइलला हे करता येत नाही. ती आवळत नाही, पसरत नाही. कोपऱ्यासाठी तिला वेगळी टाइलच लागते.

गवताची दुरुस्ती

घरी परतल्यावर भाचीने पहिलं काम गवताचं काढलं. जुनी टाइल अशी होती. मध्यम हिरवा, त्यावर उजव्या खालच्या भागात फिकट पात्यांचा सुंदर झुपका, वर दोन पिवळी फुलं. एकटी पाहिली तर कौतुक करावं अशी. पडद्यावर आडव्या २० आणि उभ्या ११ लागल्या की तेच झुपके आणि तीच फुलं दोनशेवीस वेळा, आणि डोळा गवत सोडून रांगाच मोजू लागतो. टाइलमधली सगळ्यात देखणी गोष्ट हाच तिचा दोष होता.

तिने फुलं पुसली. झुपका पुसला. मग टाइल अर्ध्याने सरकवली, म्हणजे ८ पिक्सेल उजवीकडे आणि ८ खाली, बाहेर गेलेला भाग पलीकडून आत. असं केलं की चारही कडा टाइलच्या मध्यभागी येतात आणि सांधा उघडा पडतो. तिच्या टाइलवर मधोमध अधिकचं चिन्ह दिसत होतं, कारण काढताना प्रत्येक पातं ती नकळत कडेच्या आधी थांबवत होती. आता पाती त्या चिन्हावरूनच काढली, म्हणजे शेजारच्या टाइलमध्ये त्यांची टोकं आपोआप शिरली.

नंतर रंग. दोन हिरव्यांमधला फरक तिने निम्म्याने कमी केला. सावलीचा हिरवा नुसता काळपट करण्याऐवजी निळ्याकडे झुकवला आणि उजेडाचा पिवळ्याकडे, गडावरून रोपवाफे दिसले होते तसा. एकेकटे सुटे पिक्सेल काढून टाकले. लहान पडद्यावर ते गवत वाटत नाहीत, कचरा वाटतो. उरलं काय, तर जवळजवळ सपाट हिरवा तुकडा आणि त्यात तीनचार ठिकाणी दोन-तीन पिक्सेलांची कुजबुज.

फुलं, झुपका, दगड यांच्या वेगळ्या टाइल केल्या आणि त्या क्वचितच पडतील अशी व्यवस्था केली. यंत्रावर सोडलं तर यंत्र फुलं सगळीकडे सारखी शिंपडतं, तेही खोटं वाटतं. म्हणून बांधाच्या कडेला जास्त, पायवाटेवर अजिबात नाही, असा नियम घातला. पायवाटेवर गवत नसतंच. एवढं झाल्यावर खेळातली फावडेवाली मुलगी पहिल्यांदा पडद्यावर ठळक दिसू लागली, तिच्या चित्राला हातही न लावता.

एकूण हिशेब केला तर टाइलमध्ये नवीन काही भरलेलं नव्हतं. होतं त्यातलं बरंचसं काढलं होतं.

बांध आणि कोपरे

गवत हे सोपं प्रकरण, कारण गवताच्या शेजारी गवतच. दोन वेगळ्या गोष्टी जिथे भेटतात तिथे खरं काम, आणि भातशेतीत तर सगळा जीव त्या कडेत आहे.

खाचराच्या एका घराला आठ शेजारी. चार बाजूंचे, चार कोपऱ्यांचे. प्रत्येक शेजारी पाणी तरी असेल किंवा माती. म्हणजे २५६ शक्यता. कोपऱ्याचा शेजारी तेव्हाच मोजायचा जेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी असेल. हे धरलं की ४७ उरतात. सत्तेचाळीस टाइल काढा, कुठली कुठे लागेल ते इंजिन ठरवेल. असे कडा जुळवायचे तुकडे गणितात फार आधी आले. हाओ वांग या तर्कशास्त्रज्ञाने १९६१ साली रंगीत कडांच्या फरशांचा प्रश्न मांडला, आणि कुठलाही संच जमीन झाकू शकत असेल तर त्यात नक्षी केव्हातरी पुन्हा येणारच, असा अंदाज केला. त्याचाच विद्यार्थी रॉबर्ट बर्जर याने १९६६ साली २०,४२६ फरशांचा असा संच दिला, की नक्षी कधीच फिरून येत नाही. गवताच्या रांगांनी हैराण झालेल्या माणसाला ही बातमी गोड वाटते, उपयोग मात्र शून्य.

भाचीने ४७ काढायला घेतल्या आणि कंटाळली. मग तिला दुसरी पद्धत सापडली. चित्राची जाळी शेताच्या जाळीवरून अर्धी टाइल सरकवायची. आता प्रत्येक चित्र-टाइल चार घरांच्या संगमावर बसते आणि तिला फक्त आपले चार कोपरे पाहायचे असतात. दोनाचा चौथा घात, सोळा. ४७ चं काम १६ त. शिवाय काठ टाइलच्या मधून जातो, त्यामुळे तो हवा तसा वळवता येतो आणि चौकोनीपणा बराच मोडतो. गडावरून पाहिलेल्या त्या वाकड्या बांधांच्या जवळ जाणारं हेच.

सोळांतल्या काही एकमेकींना फिरवून मिळतात, असं शिकवणारे सांगतात. सपाट बेटाला ते चालतं, उतारावरच्या खाचराला नाही. वरून बघताना बांधाची आपल्याकडची बाजू दिसते आणि पलीकडची दिसत नाही. आपल्याकडची म्हणजे उताराकडची. तिथे माती उघडी, गवत लोंबतं, कधी तुरीची रोपं आणि तिथेच खेकड्याची भोकं. ही बाजू उंच काढायची, तीन-चार पिक्सेल सावलीसकट. वरची कड नुसती एका फिकट रेघेने. म्हणून सोळाच्या सोळा हाताने.

त्यांतल्या दोन टाइलनी तिला अडवून धरलं. एका कर्णावर पाणी, दुसऱ्या कर्णावर माती. चित्र काढायचं तर ठरवावं लागतं, मधल्या बिंदूपाशी पाणी पाण्याला मिळतं की माती मातीला? चित्रकार काहीही ठरवो, खेळाच्या आतलं गणित पाणी जाऊ देतंय आणि चित्रात बांध अखंड दिसतोय, असं झालं तर खेळणारा चिडणार. मी वहीतली गडावरची रेखाटनं काढली. टिपलेल्या खाचरांत चार बांध एका बिंदूत भेटलेले एकही ठिकाण नव्हतं. एक लांब बांध उतार धरून जातो आणि आडवे बांध त्याला येऊन टेकतात, तेही समोरासमोर नाही. बांध मातीचा आहे. चार खाचरांचं पाणी एका टोकावर तोलायला कोण जाईल?

तेव्हा तिने खेळातले सगळे नकाशे पुन्हा आखले, तीनच बांध भेटतील असे. तरी खेळणाऱ्याच्या हातात फावडं आहेच, तो नको तिथे खणणार, म्हणून त्या दोन टाइलही केल्या, माती मातीला मिळालेल्या. आतलं गणितही तसंच बदललं.

राहिला खेकडा. भाचीने भोकाचे दोन पिक्सेल बांधाच्या बरोबर मधोमध टाकले आहेत, कारण तिथे ते छान दिसतात. काकांनी दाखवलेलं बीळ पाण्याच्या पातळीच्या खाली होतं, आणि खाचरातलं पाणी खेळात तर सतत चढतं-उतरतं. बीळ तिथेच ठेवायचं तर भरल्या खाचराची एक आणि अर्ध्या खाचराची एक अशा आणखी दोन टाइल लागतील, शिवाय धारेच्या हलत्या चित्राच्या प्रत्येकी चार. ती नाही म्हणते आहे. मी हो म्हणते आहे.